बंदुकीची नळी आणि पाच मिनिटं

आमच्या नाशिक जिल्ह्यात बंदुकीची पूजा करणारी घरं अजून बरीच आहेत, बंदूक साफ करणारी कमी. हे आपलं माझं मत. कुणाला राग आला तर आधीच माफी मागून ठेवतो.

खंडेनवमीला देव्हाऱ्यासमोर बंदूक मांडली जाते. तिला हळदीकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं, पोरंटोरं नमस्कार करतात. नंतर ती पुन्हा खोळीत जाते, थेट पुढच्या नवमीपर्यंत. नळीच्या आत डोकावून कोणी बघत नाही. कुंकू बाहेर आणि गंज आत!

आमच्याकडे इगतपुरी भागात आजोबांच्या वेळची बारा बोअरची दुनळी आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. (बारा बोअर म्हणजे काय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोळी घेतली तर एका पौंडात बारा गोळ्या बसतात, म्हणून बारा. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर.) भाताच्या दिवसांत रानडुकरं येतात, तेव्हा त्यांना हुसकावायला वर्षातून दोन-चार बार निघतात, बस्स. आणि नेमकी हीच गोम आहे. रोज नेमबाजी करणाऱ्याला सफाईची सवय असते. आपण बार काढतो रात्री अकराला, बाहेर पाऊस, पाय चिखलाने भरलेले, डोळ्यांवर झोप. "उद्या नीट उघडून साफ करू" म्हणतो. तो उद्या काही येत नाही.

म्हणून मी पाच मिनिटांच्या सफाईच्या बाजूने आहे. जुनी जाणती माणसं याला आळस म्हणतात. त्यांची पद्धत म्हणजे गज, तांब्या-पितळेचा ब्रश, चिंध्या आणि अर्धा दिवस. त्यांचं चूक नाही, पण त्या अर्ध्या दिवसाची वाट बघण्यात नळीचं वाटोळं होतं. घाटमाथ्यावरच्या पावसाळी हवेत पोलादाला गंजायला एक रात्र पुरते.

सगळ्यात सोपी युक्ती वर्तमानपत्राची. आधी बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते बघायचं, एकदा डोळ्यांनी आणि एकदा बोटांनी. मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करायच्या. 'देशदूत'चं पाव पान चुरगाळून काडतूस घालतो त्या बाजूने सारायचं आणि गजाने पुढच्या तोंडातून बाहेर काढायचं. ढिली काजळी बहुतेक सगळी त्या कागदावर येते. दोन-तीनदा केलं की तेलाचं फडकं एकदा फिरवायचं, झालं. दिशा महत्त्वाची बरं का. बऱ्याच बंदुकांची नळी पुढच्या तोंडाशी थोडी निमुळती असते. शिवाय उलट्या दिशेने सारलं तर सगळी घाण खटक्यांत येऊन बसते.

दुसरा मार्ग दोरीचा. हल्ली 'बोअर स्नेक' नावाची दोरी मिळते, तिच्या एका टोकाला पितळेचं वजन असतं, मध्ये तारांचा ब्रश आणि मागे जाड विणलेली शेपटी. वजन नळीत सोडायचं आणि दोरी ओढायची. कल्पना काही नवी नाही, थ्री-नॉट-थ्री रायफलच्या दस्त्यात तेलाच्या बाटलीशेजारी अशीच एक दोरी ठेवलेली असायची. दोरी मला आवडते, पण ती साबणाने धुवून वाळवावी लागते, हे लोक विसरतात. नाहीतर मागच्या वर्षीची घाणच नळीला पुन्हा लावत बसाल.

तेलाबद्दल मात्र मी हट्टी आहे. खोबरेल नको. खाण्याचं कुठलंच तेल नको, ते हवेने चिकट होतं आणि खटके जाम करतं. रॉकेलने काजळी छान निघते, पण ते उडून जातं आणि पोलाद उघडं पडतं. शिवणयंत्राचं तेल घरात असेल तर तेवढ्यापुरतं चालतं. लावायचं थोडंसंच. तेल जास्त झालं तर ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. म्हणून तेल लावल्यावर एक-दोन दिवस बंदूक तोंड खाली करून उभी ठेवावी.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. तिथे ही झटपट पद्धत साफ चुकीची! काळ्या दारूची राख क्षाराची असते, ती हवेतलं पाणी ओढते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचंही मागे मीठच उरायचं. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आजोबांच्या पिढीतले लोक नळीत कढत पाणी ओतायचे. पाणी कढत असलं की नळी तापते आणि आपोआप कोरडीही होते. विज्ञान त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण गंज दिसत होता.

आता कोणी म्हणेल, थोडा गंज चढला तर एवढं काय? गंजाचं जाऊ द्या. साफ करताना माणूस नळीतून उजेडाकडे बघतो, मला त्याचं मोल जास्त वाटतं. कोपऱ्यात उभ्या बंदुकीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते. फडक्याचा तुकडा आत राहून जातो. घरात वीस बोअरची काडतुसं असतील आणि घाईत एखादं बाराच्या नळीत गेलं, तर ते पुढे घसरून अडकतं. नळी रिकामी दिसते, म्हणून मागून बाराचं घातलं जातं. मग नळी फुटते, तीही डाव्या हाताच्या जवळच.

आणि निवडणुका. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षी आल्या. ज्यांना बंदूक जमा करायला सांगतात त्यांची ती ठाण्यात काही आठवडे पडून राहते. तिथे कुणी तिला तेल लावणार नाही, आणि त्यांनी ते का करावं? जमा करायच्या आदल्या रात्री आतून-बाहेरून जरा जाडसर तेल द्यावं. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत देऊ नये, खोळ ओल धरून ठेवते. पावतीवर बंदुकीचा क्रमांक नीट वाचून घ्यावा. आणि परत आणली की पहिला बार काढायच्या आधी ते जाड तेल पुसायचं, मग नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं.