वारा फुकट, पण बिल कुणाच्या नावावर?

चांदवडच्या डोंगरांवर वारा फुकट. पवनचक्की फुकट नाही. बैठकीत बाया विचारतात, "ताई, घरावर बसवली तर परवडेल का?" मी सांगते, वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज आठवा हिस्साच उरते. घरांच्या आडोशाला छोटी पवनचक्की महागच पडते. २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. पण ते मिळणार वीजबिल ज्याच्या नावावर त्याला, आणि बिल येतं नवऱ्याच्या, नाहीतर सासऱ्याच्या नावानं.

मैत्रिणींनो, याच चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. पुढे बायकांच्या नावे जमीन करण्याची लक्ष्मीमुक्ती मोहीम निघाली. मग परवडण्याचा हिशेब आपण पात्यापासून का मांडायचा? घराच्या उताऱ्यापासून मांडू या.