पहारा नव्हे, शुश्रूषा

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका निवाऱ्यास आग लागली आणि २८ जणांचा बळी गेला. पायी साखळदंड असल्याने पळून जीव वाचविणेही त्यांना शक्य झाले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीस बंदी केली, हे योग्यच झाले. परंतु काढून घेतलेल्या साखळीच्या जागी काय यावयाचे? आमच्या मते याचे उत्तर एकच : प्रशिक्षित परिचारिका.

डॉक्टर रुग्णास काही मिनिटे पाहतो. परिचारिका त्यास अहोरात्र पाहते. झोप किती लागली, ताटातले किती संपले, बोलणे मंदावले की सुसाट धावू लागले, या तिच्या नोंदींवरच उपचारांची दिशा ठरते. उन्मादाच्या भरात येरझारा घालणारा पानावर बसत नाही. चालता चालता खाता येईल असा घास त्याच्या हाती द्यावा लागतो, त्यास गोंगाटापासून दूर ठेवावे लागते. लिथियम घेणाऱ्याचा हात अधिक थरथरू लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर औषध रक्तात विषारी पातळीस पोचत असल्याची ती खूण असू शकते. आपल्या उन्हाळ्यात घामावाटे शरीरातील पाणी आटते, तेव्हा तर ही दक्षता अधिकच हवी.

औदासीन्याच्या विकारात कसोटी याहूनही नाजूक. उपचारांनी अंगात त्राण येते, पण मन अद्याप निराशच असते. घरची माणसे निर्धास्त होतात, नेमका तेव्हाच जिवास धोका वाढू शकतो. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत निराधार आहे. आपुलकीने विचारणे ही शुश्रूषेची पहिली पायरी होय.

बांबोळीच्या संस्थेतून रुग्ण घरी परततो, ते काणकोण वा सत्तरीतील एखाद्या गावी. तेथे त्याची विचारपूस कोणी करावयाची? अल्प प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशकही सरकारी आरोग्य केंद्रांतील औदासीन्याच्या रुग्णांस सावरू शकतात, हे गोव्यातच झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. जगाने ज्याची दखल घेतली, तो धडा आपणच विसरावा काय? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मनोविकार-शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली एक तरी परिचारिका शासनाने नेमावी, आणि तिला घरोघर जाण्यास सवड व वाहन द्यावे.

मुक्ती म्हणजे केवळ बेडी तुटणे नव्हे. बेडी तुटल्यावर ज्याच्या आधाराने उभे राहावे असा हात मिळाला, तरच ती पुरी होते.