नैरोबींतील आपला नोकरदार व त्याचा शेजारी

परदेशीं नोकरीस निघालेल्या माणसाविषयीं आपण पगार, हवापाणी व सुरक्षितता यांची कसून चौकशी करतों. परंतु तेथें तो सायंकाळीं कोणाच्या ओसरीवर बसतो आणि कोणाच्या ताटास ताट लावून जेवतो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि केनियाची राजधानी नैरोबी हें त्याचें बोलकें उदाहरण होय.

हें शहर १८९९ सालीं रेल्वेच्या ठाण्याभोंवतीं वसलें. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतच्या लोहमार्गासाठीं १८९६ ते १९०१ या काळांत सुमारें ३२,००० मजूर हिंदुस्थानांतून नेण्यांत आले. पैकीं सुमारें २,५०० तेथेंच मरण पावले व सुमारें ६,७०० कायमचे राहिले. वसाहत सरकारनें गोरे, हिंदी व आफ्रिकन यांच्या वस्त्या निरनिराळ्या ठेविल्या. १२ डिसेंबर १९६३ रोजीं केनिया स्वतंत्र झाला, त्या विभागणीचा कायद्याचा आधार गेला; पण मनांतील वस्त्या अद्यापि पुरत्या उठलेल्या नाहींत.

हल्लीं मुंबईपुण्याहून तेथें जाणारा मनुष्य मजूर नसून हिशेबनीस, इंजिनियर किंवा कारखान्यावरील देखरेख्या असतो. त्याचा परवाना ठराविक मुदतीचा व एका मालकाच्या नोकरीशीं बांधलेला. म्हणून मालकाची मर्जी गेली कीं देशांतील वास्तव्यच डळमळतें. शहरांतील सामान्य लोक मटाटू नांवाच्या गाड्यांतून दाटीवाटीनें जातात. हा बहुधा मोटारीनें जातो, पहारा असलेल्या कुंपणाआड राहतो, आणि सुटीचा दिवस देवळांत, क्रिकेटांत व स्वभाषीयांच्या मेळ्यांत घालवितो. चोरीचें भय खोटें नाहीं, आणि स्वभाषेची ओढ हा तर अपराधच नव्हे. परंतु ज्या बाईच्या हातची चपाती तो रोज खातो, तिला प्यावयास जर त्याच्या घरांत निराळा पेला असेल, तर त्याला काय म्हणावें? पाण्याच्या हक्कासाठीं १९२७ सालीं महाडास ज्या महाराष्ट्रांत सत्याग्रह झाला, तेथून गेलेल्या माणसानें विटाळाची ती भावना समुद्रापलीकडे नेऊन रुजवावी, याहून लाजिरवाणें तें काय?

अशा तुटकपणाचें मोल जबर असतें. १९७२ च्या ऑगस्टांत इदी अमीननें युगांडांतील आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्माविलें. हा जुलूम सर्वस्वीं त्याचा, व त्याचें समर्थन होऊं शकत नाहीं. तथापि पिढ्यान् पिढ्या व्यापार केला, पण पंक्तिव्यवहार केला नाहीं, हा आरोप त्याच्या हातीं आयतें शस्त्र ठरला. १९८२ च्या ऑगस्टांत केनियांतील बंडाची धांदल माजली, तेव्हां नैरोबींतील हिंदी दुकानें लुटलीं गेलीं.

उलट उदाहरणेंही आहेत. मखनसिंग यांनीं १९३५ सालीं सर्व वर्णांच्या कामगारांस खुला असा संघ उभारिला, आणि केनियाच्या स्वातंत्र्याची मागणी केल्यामुळें १९५० पासून १९६१ पर्यंत स्थानबद्धता भोगिली. आपल्या 'दुकाना'चा 'दुका' होऊन तो स्वाहिलींत घरचा झाला आहे. २०१७ सालीं केनिया सरकारनें आशियाई वंशाच्या नागरिकांस देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. सरकारनें दार उघडलें. उंबरठा ओलांडणें हें ज्याचें त्यानें करावयाचें आहे.

आम्ही हें कोणत्या तोंडानें सांगावें, असेंही कोणी विचारील. २०१६ सालीं बंगळुरांत एका टांझानियन विद्यार्थिनीवर व २०१७ सालीं ग्रेटर नोएडांत आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावानें हात टाकला. आपल्या शहरांत आफ्रिकनास भाड्यानें खोली द्यावयास कचरावयाचें आणि नैरोबींत आपल्या मुलास आदर मिळावा असें इच्छावयाचें, हा न्याय नव्हे. म्हणून सुधारणा दोन्ही तीरांवर झाली पाहिजे.

जाणाऱ्यानें निघण्यापूर्वींच स्वाहिली शिकावी. गडीमाणसांस कायद्याप्रमाणें वेतन व रजा द्यावी, त्यांस नांवानें हांक मारावी. आपल्या मंडळांनीं गणेशोत्सवाची पंगत शेजाऱ्यांसही मोकळी ठेवावी. यांत पैशाचा प्रश्न थोडा आहे. मुख्य प्रश्न मनाचा आहे. पोटासाठीं ज्या देशाचें अन्न खावयाचें, त्या देशाच्या माणसास आपल्या पंक्तीस बसवावयाचें नाहीं, ही रीत आतां तरी मोडली पाहिजे.