व्हॉट्सॲपवरच्या फोटोला ‘फेक’ ठरवण्याची घाई नको

एखादा फोटो व्हायरल झाला की तासाभरात त्याचीच काळी-निळी, ठिपक्याठिपक्यांची आवृत्ती ग्रुपवर येते. सोबत ओळ असते, ‘बघा, चेहरा चमकतोय, म्हणजे एडिट केलाय.’ हे ‘एरर लेव्हल ॲनालिसिस’. वेबसाइटवर फोटो टाकला की फुकटात मिळतं. फॉरवर्ड झालेल्या फोटोवर काढलेल्या या नकाशाला पुरावा मानणं मला धोक्याचं वाटतं.

जेपेग फोटो सेव्ह होताना त्याचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पडतात. डोळ्यांना फारसे न जाणवणारे बारकावे प्रत्येक चौकोनातून गाळले जातात, म्हणून फाइल लहान होते. एका फोटोतला माणूस कापून दुसऱ्यात चिकटवला, तर त्याचे जुने चौकोनही सोबत येतात आणि नव्या चौकोनांशी ते सहसा जुळत नाहीत. चौकड्यांच्या शर्टाला घाईत शिवलेला खिसा कसा वेगळा दिसतो, तसंच. शिवाय दोन्ही भाग वेगवेगळ्या प्रमाणात गाळलेले असतात. हनी फरीद या संशोधकाने २००९ मध्ये यावरच एक पद्धत मांडली. फोटो वेगवेगळ्या क्वालिटीला पुन्हा सेव्ह करून ताडून पाहायचा. चिकटवलेला तुकडा त्याच्या जुन्या क्वालिटीपाशी भुतासारखा उमटतो. छेडछाड नेमकी कुठे झाली, तेही कळतं.

पण व्हॉट्सॲप फोटो साधारणपणे लहान करून पुन्हा कॉम्प्रेस करतं. त्यात या खुणा पुसट होतात, स्क्रीनशॉटमध्ये तर आणखीच. उलट साडीची जर, पाटीवरची अक्षरं, कडक ऊन-सावली अशा जागा कुणी हातही न लावलेल्या फोटोत चमकतात. म्हणजे खरा फोटो खोटा ठरतो आणि खोटा सहीसलामत सुटतो.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान चेन्नईतला पूर हवेतून पाहत असल्याचा फोटो पीआयबीने ट्विट केला होता. खिडकीतलं दृश्य जोडलेलं होतं. ते उघड व्हायला कुठला अल्गोरिदम लागला नाही. मूळ फोटो उपलब्ध होता, लोकांनी दोन्ही शेजारी ठेवले. पीआयबीला ट्विट काढून टाकावं लागलं.

सामान्य माणसाकडे असा मूळ फोटो क्वचितच असतो. कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी मॉर्फ केलेला फोटो नातेवाइकांना पाठवला, की घाबरून पहिल्यांदा तो डिलीट केला जातो आणि पोलिसांकडे जाताना हातात उरतो फक्त स्क्रीनशॉट. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. एक बिट बदलला तरी ती बदलते. मात्र हॅश जुळली म्हणजे फाइल तीच आहे, एवढंच सिद्ध होतं. फोटो खरा आहे, हे नाही.

त्यामुळे आलेली फाइल चॅटसकट तशीच राहू द्या. स्वतःच्या कॅमेऱ्यातला मूळ फोटो असेल तर तोही जपा आणि कुणाला पाठवताना ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडा. तसा पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप कॉम्प्रेस करत नाही.