गागारिनचे झाकलेले शौर्य

आपल्याकडे थोरांचे चरित्र लिहायचे म्हणजे आरती ओवाळायची, असा एक समज रुजलेला आहे. चरित्रनायकाची भीती, त्याची अगतिकता उघड झाली तर त्याची उंची घटेल, या धास्तीने चरित्रकार निम्मे सत्य गिळून टाकतो. ही धास्ती किती पोकळ असते हे युरी गागारिनच्या उदाहरणावरून कळते.

१२ एप्रिल १९६१ रोजी 'वोस्तोक-१'मधून गागारिनने १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. सोव्हिएत सत्तेने जगाला सांगितले की, तो यानासह जमिनीवर उतरला. ते असत्य होते. मनुष्य आत बसून सुखरूप टेकेल इतके ते यान सावकाश उतरत नसे. म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर तो आसनासह बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या हवाई छत्रीने सारातोव्ह प्रांतातील एका शेतात उतरला. वैमानिक यानातच उतरला पाहिजे, अशी विक्रमांच्या नोंदीसाठी आंतरराष्ट्रीय अट होती. तिच्यासाठी हे सारे दडवले गेले.

आणखीही काही दडले होते. परतताना यानाचा यंत्रकक्ष ठरल्या क्षणी सुटला नाही. सुमारे दहा मिनिटे यान गरगरत राहिले. गागारिनने मात्र सारे ठीक असल्याचा संकेत पाठवला. शिवाय यानाचे नियंत्रण त्याच्या हाती नव्हतेच. वजनरहित अवस्थेत माणसाचे भान सुटेल, या भयाने ते कुलूपबंद केले होते. कुलपाचा आकडा, १२५, पाकिटात बंद होता. तो त्याला उड्डाणापूर्वीच गुपचूप सांगण्यात आला होता.

आता सांगा, यातल्या कोणत्या तपशिलाने गागारिन लहान होतो? उलट, ज्याच्या शुद्धीवरही व्यवस्थेचा भरवसा नव्हता, तो सत्तावीस वर्षांचा सुताराचा मुलगा गरगरत्या गोळ्यात मन स्थिर ठेवतो, हेच तर खरे शौर्य. आणि नियम बाजूला सारून तो आकडा सांगून टाकणाऱ्यांचा विश्वास मला कोणत्याही जयघोषाहून मोलाचा वाटतो. अधिकृत गाथेने नेमके हेच गाळले आणि आपल्या हाती एक हसरा पुतळा ठेवला.

पुतळ्याला भीती नसते, म्हणून त्याला धैर्यही नसते. चरित्रकाराने निवड करायची ती इथेच.