लेझीम कापली, येसूबाई तर आधीच कापल्या होत्या

ऐतिहासिक चित्रपटात राणीने काय करू नये, यावर महाराष्ट्र अगदी एकमुखाने बोलतो. त्या राणीने प्रत्यक्षात काय केलं होतं, हे विचारायला मात्र कुणी पुढे येत नाही. 'छावा' चित्रपटावरून २०२५ साली जो गदारोळ झाला त्याबद्दल आपण बायकांनी बोललं पाहिजे ते यासाठीच.

आधी झालं काय ते पाहू. जानेवारी २०२५ मध्ये चित्रपटाची झलक आली. तिच्यात संभाजी महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसले. लगेच ओरड सुरू झाली. छत्रपती नाचताना कसे दाखवता? महाराणी चारचौघांत नाचेल का? राजकीय नेते बोलले, मंत्री बोलले, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी तो प्रसंग काढून टाकला. १४ फेब्रुवारीला चित्रपट लागला. मग शिर्के घराण्याचे वंशज पुढे आले. आमच्या पूर्वजांना फितूर दाखवलं, कुळाची बदनामी केली, असं त्यांचं म्हणणं. दिग्दर्शकांनी त्यांचीही माफी मागितली.

दोन तक्रारी, दोन माघारी. पहिली राजाच्या इभ्रतीसाठी, दुसरी कुळाच्या इभ्रतीसाठी. येसूबाई या दोन्ही घरांच्या. शिर्क्यांची लेक आणि भोसल्यांची सून. त्यांच्या वतीने मात्र एकही निवेदन गेलं नाही.

ही काही पहिली वेळ नाही. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी'च्या वेळी काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालताना दाखवल्या म्हणून असाच वाद झाला. आता पिंगा म्हणजे काय? मंगळागौरीला घराघरांत बायकाच खेळतात तो खेळ. तो खेळ आपलाच, पण कुठल्या बाईने तो कुणापुढे खेळावा हे ठरवणार दुसरेच. २०१८ साली 'पद्मावत'मध्ये नायिकेची उघडी कंबर संगणकाने झाकावी लागली. त्याच चित्रपटाच्या शेवटी शेकडो बायका आगीत चालत जातात, गरोदर बाईसुद्धा. तो प्रसंग झाकावा असं कंबरेवर आक्षेप घेणाऱ्यांपैकी कुणालाच वाटलं नाही. कंबर दिसली तर अपमान आणि बाई जळली तर अभिमान! हा कुठला न्याय?

पनवेलला आमच्या गटातल्या बहुतेक जणींनी 'छावा' पाहिला. काहींनी तिकीट काढून, काहींनी फुकट खेळाला जाऊन. महिनाभराने आम्ही चर्चेला बसलो तेव्हा मतं सरळसरळ विभागली गेली. कळंबोलीची एक ताई म्हणाली, "मी तर रडून रडून अर्धी झाले. आपल्या राजाने एवढं सोसलं हे शाळेत कुणी धड शिकवलंच नाही." कॉलेजात शिकणारी एक म्हणाली, "लढाया भारी होत्या, पण कानठळ्या बसल्या. शेवटची वीस मिनिटं मी डोळे मिटूनच होते." एकीला येसूबाईंचं काम करणाऱ्या रश्मिका मंदानाचे उच्चार खटकले. दुसरी म्हणाली, "उच्चारांचं काय घेऊन बसलीस, तिला बोलायला दिलंय तरी किती? ओवाळायचं, वाट पाहायची, डोळे भरून आणायचे."

त्यावर धुणीभांडी करणाऱ्या आमच्या एका काकूंनी विचारलं, "मग राजा गेल्यावर तिने काय केलं?" खोलीत बसलेल्या पंधरा जणींपैकी तिघींनाच याचं उत्तर सांगता आलं. माझा राग आहे तो या गोष्टीवर.

तर राजा गेल्यावर येसूबाईंनी काय केलं?

फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. येसूबाई तेव्हा रायगडावर होत्या. मुलगा शाहू सहा-सात वर्षांचा. त्यालाच गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार पाहणं त्यांना शक्य होतं. तसं न करता त्यांनी धाकटे दीर राजाराम यांना पुढे केलं. सगळं राजकुटुंब एकाच गडावर अडकलं तर राज्यच संपेल हे ओळखून राजारामांना वेढ्याबाहेर काढण्याचा निर्णय झाला. स्वतः येसूबाई मुलासह गडावरच राहिल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि त्या मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहूंची सुटका १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर झाली. येसूबाई परत आल्या १७१९ मध्ये. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं कैद.

गादीवर पोटच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून राज्याचा विचार करणं, वेढ्यात थांबणं, शत्रूच्या छावणीत मुलाला वाढवणं हे राजकारण नाही तर काय? संभाजी महाराजांनी त्यांना कारभाराचे अधिकार दिले होते, 'श्री सखी राज्ञी जयति' असा त्यांचा शिक्का होता. म्हणजे सतराव्या शतकातल्या नवऱ्याला बायकोचं कर्तृत्व दिसत होतं, एकविसाव्या शतकातल्या पडद्याला ते दिसत नाही! चित्रपट महाराजांच्या मृत्यूपाशी संपतो, आणि येसूबाईंची खरी लढाई तिथूनच सुरू होते.

त्या कैदेतली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा हिने येसूबाई आणि शाहू यांच्याकडे आपुलकीने पाहिलं असं इतिहासकार नोंदवतात. चित्रपटात झीनत आहे, पण बापाच्या सावलीसारखी. शत्रूच्या गोटातली एक बाई कैदेतल्या दुसऱ्या बाईला माणुसकीने वागवते, ही गोष्ट भव्य पडद्यावर मावत नाही, कारण तिच्यामुळे कुणाचं रक्त उसळत नाही.

आणि सोयराबाई? त्यांच्या वाट्याला कपटी सावत्र आई. १६८० मध्ये राजारामांना गादीवर बसवण्याचा बेत झाला, हा इतिहास आहे आणि तो मला नाकारायचा नाही. पण त्या बेतात अण्णाजी दत्तोंसारखे मुरब्बी कारभारी होते. त्यांचं ते राजकारण, आणि सोयराबाईंचा मात्र बायकी मत्सर. असं वाटप आपण किती दिवस मुकाट्याने बघायचं?

काही जण म्हणतील, भव्य युद्धपटात बाईला जागा मिळणार तरी किती? त्यांनी जरा चीनकडे पाहावं. २००० साली आलेल्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये तलवारीचे सगळ्यात चांगले सामने बायकांचे आहेत. एक अनुभवी, जबाबदारी वाहणारी. दुसरी ठरलेल्या लग्नातून निसटू पाहणारी. २००६ चा झांग यिमोउ यांचा 'कर्स ऑफ द गोल्डन फ्लॉवर' तर भपक्याच्या बाबतीत आपल्यालाही मागे टाकील. सोन्याचे खांब, पिवळ्या शेवंतीची पटांगणं, हजारोंचं सैन्य. त्यावरही प्रेक्षकांची मतं फुटली. कुणाला तो डोळे दिपवणारा वाटला, कुणाला नुसता बटबटीत. राणीला आणि दासींना घातलेल्या घट्ट चोळ्यांवर टीका झाली, ती योग्यच होती. पण त्या झगमगाटाच्या मध्यभागी एक बाई बसली आहे. नवरा औषध म्हणून तिला रोज थोडं थोडं विष पाजतो, आणि घराण्याची रीत म्हणून तिला ते सगळ्यांसमोर प्यावं लागतं. तिला ते कळतं. ती बंड उभारते आणि हरते. हा चित्रपट त्साओ यू यांच्या विसाव्या शतकातल्या एका कौटुंबिक नाटकावर आधारलेला आहे, म्हणूनच त्यातल्या राजवाड्याच्या भिंती आपल्याला ओळखीच्या वाटतात. त्या चित्रपटात दोष पुष्कळ आहेत, पण राणीला काय वाटतं आणि ती काय करते यावरच त्याची कथा चालते. तेव्हा भव्यतेत बाई मावत नाही ही सबब खोटी आहे.

आपल्याकडे बाईचं शौर्य पडद्यावर येतच नाही असंही नाही. २०१९ मध्ये 'हिरकणी' आला. पण हिरकणीला रायगडाचा कडा उतरायची मुभा मिळते ती तान्ह्या बाळासाठी. आईपणाच्या परवान्यावर धाडस चालतं. येसूबाईंनी राज्यासाठी मुलाचा हक्क मागे ठेवला. तो परवाना त्यांच्याजवळ नाही, म्हणून त्यांच्यावर पाचशे कोटींचा चित्रपट निघत नाही.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार झाला. संचारबंदी लागली, एका माणसाचा जीव गेला. या चित्रपटाने औरंगजेबाविरुद्धच्या भावना जाग्या केल्या असं खुद्द मुख्यमंत्री विधिमंडळात म्हणाले. दंगलीला एकटा चित्रपट जबाबदार, असं मी म्हणणार नाही. पण छळाचे बारकावे पडद्यावर एवढा वेळ दाखवायचे आणि छळानंतर एका बाईने तीस वर्षं कसं निभावलं ते गाळायचं, याचा परिणाम काय होतो? प्रेक्षक दुःख घेऊन बाहेर पडतो, पण त्या दुःखाला वाट एकच उरते, सूडाची. आणि संचारबंदीत दूध, औषध, रोजची मजुरी यांची ओढाताण कोण करतं हे आपल्याला सांगायला नको. तिथे हिंदू बाई आणि मुसलमान बाई एकाच रांगेत असतात.

"चित्रपट संभाजी महाराजांचा आहे, येसूबाईंचा कशाला करता?" असं आमच्या गटातल्या एकीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं : महाराजांचं शौर्य कमी दाखवा असं कुणीच म्हणत नाही. पण त्यांचं बलिदान वाया गेलं नाही ते का? मागे राहिलेल्यांनी राज्य टिकवलं म्हणून. राजारामांच्या मृत्यूनंतर १७०० पासून सात वर्षं ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज दिली. त्या सत्तावीस वर्षांच्या लढ्याचा कणा दोन बायकांनी तोलला. त्यांना वगळून सांगितलेली महाराजांची कथाही अपुरीच राहते.

चित्रपटावर बंदी घाला, प्रसंग कापा, अशी मागणी आपण करायची नाही. कात्री हे त्यांचं हत्यार आहे आणि ती शेवटी आपल्यावरच चालते. लेझीमच्या प्रसंगाचं तेच झालं. आपली मागणी कापण्याची नाही, जोडण्याची आहे. फुकट खेळ लावणाऱ्या पुढाऱ्यांना विचारा, की येसूबाई आणि ताराबाई यांच्यावर वस्तीत एक तरी व्याख्यान ठेवाल का? शाळेच्या बाईंना विचारा, की १६८९ नंतरचे धडे किती तास शिकवता? आम्ही पनवेलला दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास यासाठी राखला आहे. पहिल्या वेळी येसूबाईंची हकीकत त्या काकूंनीच सांगायची ठरवली आहे. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांची नात त्यांना रोज थोडं थोडं वाचून दाखवते आहे.