परिचारिका व्हावयाचे आहे?

बारावीचे निकाल लागले की आमच्या ओसरीवरील बाक रिकामे राहत नाही. पूर्वी लोक बहुधा नोकरीच्या शिफारशीसाठी येत. अलीकडे येतात ते मुलींच्या प्रवेशासाठी, आणि त्यांतही निम्म्याहून अधिक 'नर्सिंग'साठी. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी एक बाई आपल्या मुलीस घेऊन आल्या. घरधनी लष्करातून निवृत्त झालेले, घरी आणखी दोन लेकरे. बाईंच्या हातात एक चकचकीत पत्रक होते व चेहऱ्यावर घाई होती.

"फादर, शनिवारच्या आत पंचवीस हजार भरायचे आहेत, नाहीतर जागा जाईल असं ते म्हणतात. पाटल्या ठेवून पैसे आणलेत. तुम्ही एकदा कागद बघून द्या."

आम्ही पत्रक वाचले. त्यात बी.एस्सी. नर्सिंगची पदवी देऊ केली होती. शाखेची अट नाही, प्रवेशपरीक्षा नाही, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते की हजेरीची सक्ती नाही. आम्ही मुलीस विचारले, "बारावीला कोणते विषय होते, बाळ?" ती म्हणाली, "कला शाखा, फादर. इतिहास, राज्यशास्त्र." तेव्हा पत्रकाची घडी घालून आम्ही ते बाईंच्या हाती परत दिले आणि म्हटले, "बाई, शनिवार जाऊ द्या. पाटल्यांचे पैसे जपून ठेवा. आधी आपण ही संस्था डोळ्यांनी पाहून येऊ."

संस्था इंदूरच्या बाजूला होती. नाव येथे सांगण्याचे कारण नाही. एका दुकानाच्या माडीवर तीन खोल्या होत्या. प्रात्यक्षिकासाठी ठेवलेल्या मानवी पुतळ्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टनही कोणी काढले नव्हते. "रुग्णालय कोठे आहे?" असे विचारता तेथील गृहस्थांनी समोरच्या इमारतीकडे बोट दाखविले. तेथे पाटी होती. खाटा मोजल्या त्या अकरा भरल्या, आणि एकीवरही रोगी नव्हता. परतीच्या वाटेवर बाई काही बोलल्या नाहीत.

हे सर्व विस्ताराने सांगण्याचे कारण असे की आपल्या मध्यप्रदेशात ही एखाददुसरी गोष्ट नव्हे. परिचर्या महाविद्यालयांचा येथील गैरव्यवहार उच्च न्यायालयापर्यंत गेला. कागदोपत्री रुग्णालये, एकच शिक्षक अनेक महाविद्यालयांत दाखविलेला, अशा तक्रारींवरून न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागास तपासणी सांगितली. २०२४ च्या आरंभी ३०८ महाविद्यालयांचा अहवाल पुढे आला. त्यांपैकी १६९ योग्य ठरली, काही सर्वथा अयोग्य, उरलेल्यांत उणिवा. पुढे मे महिन्यात त्या विभागाच्याच तपासणी अधिकाऱ्यांस लाच घेतल्यावरून अटक झाली, आणि योग्य ठरलेल्यांचीही फेरतपासणी करावी लागली! या साऱ्या काळात २०२० साली प्रवेश घेतलेल्या मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे खोळंबून राहिल्या. चार वर्षांत पदवी हाती यावयाची, त्या मुली तितक्या काळात पहिल्या वर्षाचीच परीक्षा देत होत्या. फी मात्र वेळच्या वेळी घेतली गेली. अशा मुलींपैकी एक आमच्या धर्मग्रामातीलच आहे. तिच्याविषयी अधिक लिहिणे तिला आवडणार नाही.

आता वाटा कोणत्या, ते पाहू.

सर्वांत आखूड वाट ए.एन.एम.ची, दोन वर्षांची. गावोगावच्या उपकेंद्रांत लसी टोचणारी, बाळंतपणे पाहणारी जी 'नर्सबाई' आपण पाहतो, ती या वाटेने आलेली असते. दुसरी जी.एन.एम.ची, तीन वर्षांची. बारावीत कोणतीही शाखा चालते, मात्र इंग्रजी विषय उत्तीर्ण हवा व एकूण गुण निदान ४० टक्के हवेत. तिसरी बी.एस्सी. नर्सिंगची, चार वर्षांची, आठ सत्रांची. तिला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी असावयासच हवे. एकूण गुण ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींस ४०. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत. ही अट तिन्ही वाटांस सारखीच आहे. दहावीनंतर सहा महिन्यांत 'नर्स' करून देणारे जे वर्ग बाजारात आहेत, त्यांचे प्रमाणपत्र घेऊन परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणीवाचून सरकारी नोकरी नाही, परदेश तर नाहीच.

मग आमच्या ओसरीवरच्या त्या मुलीने, जिने जीवशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नाही, पदवीची आशा सोडावी काय? मुळीच नाही. तिच्यापुढे दोन मार्ग होते. एक, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून विज्ञानाचे विषय व इंग्रजी घेऊन बारावी पुन्हा द्यावी. भारतीय परिचर्या परिषद ती मान्य करते. दुसरा, जी.एन.एम.ला जावे, ते झाल्यावर राज्याच्या परिषदेकडे नाव नोंदवावे, व मग दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळवावी. सरळ वाटेने चार वर्षे लागतात, या वाटेने पाच. पुष्कळ आईबापांस हे एक वर्ष वाया गेलेसे वाटते. आमचे मत निराळे आहे. ज्या घरी मिळविता हात एकच आहे, त्या घरास तिसऱ्या वर्षानंतर मुलीचा पगार सुरू होणे ही लहान गोष्ट नव्हे. दोन-चार वर्षे नोकरी करून, धाकट्यांची फी भरून, मग पदवीस जाता येते. त्या कामाच्या वर्षांत ती जे शिकते, ते वर्गात कोणी शिकवीत नाही. पदवीनंतर वर्षभराचा अनुभव घेऊन एम.एस्सी.चे दारही दोघींना सारखेच उघडे असते.

भेद पडतो तो पुढे, आणि तो आधी ठाऊक असावा. एम्ससारख्या संस्थांत नर्सिंग ऑफिसरच्या जागांसाठी जी परीक्षा होते, तीस बी.एस्सी. झालेली मुलगी थेट बसू शकते, जी.एन.एम. झालेलीस निदान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तेथे ८० टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत. २० टक्के पुरुषांसाठीही आहेत, म्हणून मुलांनी हे सदर मिटून ठेवण्याचे कारण नाही.

प्रवेशाचे म्हणाल तर मध्यप्रदेशात भोपाळचे कर्मचारी चयन मंडळ दोन परीक्षा घेते: बी.एस्सी.साठी पी.एन.एस.टी. आणि जी.एन.एम.साठी जी.एन.टी.एस.टी. यांच्या तारखा दरवर्षी एकाच महिन्यात येतील असा भरवसा नसतो. म्हणून मंडळाच्या सूचनांवर घरातील कोणी तरी आठवड्यातून एकदा नजर टाकावी. भोपाळच्या एम्समधील बी.एस्सी. ऑनर्ससाठी एम्सची स्वतंत्र परीक्षा आहे व गुणांची अटही चढी, ५५ टक्क्यांची आहे. महाराष्ट्रात राज्याचा सी.ई.टी. कक्ष परीक्षा घेतो.

येथे महूतील मराठी घरांस एक गोष्ट हमखास नडते. आजोबा साताऱ्याहून किंवा रत्नागिरीहून फौजेत आले, येथेच स्थायिक झाले. पेटीत जातीचा दाखला आहे तो महाराष्ट्राचा. त्या दाखल्यावर मध्यप्रदेशात राखीव जागा मिळत नाही, कारण अशी सवलत मूळ राज्यापुरतीच असते. उलटपक्षी, दहावी-बारावी महूस झालेल्या मुलीस महाराष्ट्रातील राज्याच्या जागा सहसा मिळत नाहीत. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत! तेव्हा येथील मूळनिवासी दाखला फॉर्म निघण्याच्या आत काढून ठेवावा. ख्रिस्ती कुटुंबांनी आणखी एक ध्यानात ठेवावे की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा लाभ ख्रिस्ती झालेल्यास मिळत नाही. यात न्याय किती हा वाद जुना आहे. परंतु फॉर्मवर खोटे लिहून तो सुटत नाही, प्रवेश मात्र रद्द होतो.

महूच्या मुलींच्या डोळ्यांसमोर आणखी एक वाट लहानपणापासून असते, व तिच्याविषयी आम्हास विशेष अगत्य आहे. लष्करी इस्पितळात खांद्यावर तारे लावलेल्या सिस्टरना पाहतच ही मुले वाढतात. हिंदुस्थानात लष्करी परिचर्येचा आरंभ १८८८ साली झाला. त्या वर्षी मार्चमध्ये इंग्लंडहून दहा परिचारिका मुंबईच्या बंदरात उतरल्या. त्या इंग्रज सोजिरांसाठी आल्या होत्या. आज त्या जागी आपल्या मुली अधिकारी आहेत. या सेवेसाठी बी.एस्सी.चे शिक्षण पुणे, मुंबई, दिल्ली, लखनौ, कोलकाता व बंगळूर येथील सहा सैनिकी महाविद्यालयांत मिळून सुमारे २२० जागांवर दिले जाते. अलीकडे त्यासाठी 'नीट' परीक्षा द्यावी लागते. तिच्या गुणांवरून निवडलेल्या मुलींची इंग्रजी व सामान्य बुद्धीची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. बारावीत पहिल्याच प्रयत्नात ५० टक्के गुण हवेत. शिक्षणाचा खर्च सरकार करते, विद्यावेतन देते. त्याच्या बदल्यात सेवेचा करार लिहून द्यावा लागतो, व शेवटी लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो. ही वाट मुलींचीच आहे. मुलगी अकरावीत असतानाच हे ठाऊक असले तर ती जीवशास्त्र घेईल. बारावीनंतर कळून उपयोग काय?

येथे एका जुन्या आक्षेपाचा उल्लेख करणे भाग आहे, कारण तो आजही चहाच्या कपाबरोबर आमच्यापुढे ठेवला जातो: "फादर, रात्रपाळी, परपुरुषाचे अंग पुसणे... लग्न कसे जमायचे?" वाचकहो, १९०९ साली पुण्यास सेवासदन सुरू करणाऱ्या रमाबाई रानडे यांना हेच ऐकावे लागले होते. त्यांनी ब्राह्मण घरांतील तरुण विधवांस ससून रुग्णालयात परिचर्या शिकावयास धाडले, तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला असेल! पुढे त्याच शहरात घरोघरी आजारपणात त्या शिकलेल्या बायांनाच बोलावणे जाऊ लागले. १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येची पदवी सुरू झाली, आणि या कामास विद्यापीठाचा मान मिळाला. आक्षेप घेणाऱ्यांस आम्ही एकच विचारतो, मागच्या खेपेस आपण इस्पितळात होता तेव्हा रात्री तीन वाजता घंटी वाजविल्यावर कोण आले होते?

महाविद्यालय निवडताना काय पाहावे? राज्याच्या परिषदेची त्याच वर्षाची मान्यता पाहावी, गेल्या वर्षीची नव्हे. विद्यापीठाची संलग्नता पाहावी.  त्यानंतर स्वतः जाऊन रुग्णालय पाहावे. निदान १०० खाटांचे मूळ रुग्णालय असावे असा दंडक आहे, आणि खाटा मोजण्यास विज्ञान शाखा लागत नाही. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींशी, संचालकांच्या पाठीमागे, पाच मिनिटे बोलावे. परीक्षा वेळेवर झाली का, वॉर्डात आठवड्यास किती दिवस जाता, एवढेच विचारावे. मूळ गुणपत्रिका दलालाच्या हाती कदापि देऊ नये, आणि पावतीवाचून एक रुपयाही देऊ नये. हजेरी नको म्हणणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे. सुई टोचावयास घरी बसून शिकलेली परिचारिका आपल्या स्वतःच्या आईच्या उशाशी आपण बसू देऊ काय?

आणखी एक गैरसमज. कॅथॉलिक रुग्णालयाच्या विद्यालयात फादरांची चिठ्ठी नेली की जागा मिळते, असे पुष्कळांस वाटते. वेल्लोरसारख्या ठिकाणी ख्रिस्ती मंडळ्यांनी प्रायोजित केलेल्या उमेदवारांची प्रथा आहे हे खरे. परंतु त्यांसही परीक्षा द्यावी लागते, आणि नंतर ठरलेली वर्षे सेवा करून द्यावी लागते. आमच्या चिठ्ठीने बाप्तिस्म्याची तारीख सिद्ध होते. जीवशास्त्राचे गुण वाढत नाहीत.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्या वर्षी तिला कोठेच प्रवेश मिळाला नाही, कारण जी.एन.एम.च्या फॉर्मची मुदत टळून गेली होती. तिची आई आठ-दहा दिवस आमच्यावर रुष्ट होती; रविवारी मिस्सानंतर न बोलता निघून जाई. तिला आम्ही दोष देत नाही. मुलीने ते वर्ष इंग्रजी सुधारण्यात आणि येथीलच एका दवाखान्यात नोंदवहीचे काम करण्यात घालविले. यंदा तिने जी.एन.टी.एस.टी. दिली असून यादी लागावयाची आहे. दलालाचा दूरध्वनी मात्र अजून येतो; आता तो 'सवलतीच्या फी'त जागा देऊ करतो आहे.

यंदा ज्यांच्या घरी असे फॉर्म भरावयाचे असतील त्यांनी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मूळनिवासी दाखला, असल्यास जातीचा दाखला, आधारपत्र व चार छायाचित्रे घेऊन रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आमच्याकडे यावे. मूळ कागद दाखवून परत न्यावेत, आमच्याकडेही ठेवू नयेत. ठेवावयाच्या त्या केवळ प्रती. मुलीने स्वतः यावे. फॉर्म तिने स्वतःच्या हाताने भरावयाचा आहे, मामांनी नव्हे.